विश्लेषण : घराची आगोट होते, संस्थेची कधी?

मालवण : अरबी समुद्रातले कमी दाबाचे क्षेत्र २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले. दुसऱ्याच दिवशी, २५ मे २०२५ रोजी, नैर्ऋत्य मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. राज्यात इतक्या लवकर मान्सून येण्याची १९९० नंतरची ही पहिलीच वेळ. मासेमारी बंदी १ जूनपासून, त्यामुळे हंगामाचे शेवटचे दिवस मच्छीमारांच्या हातून गेले. बागेत शेवटचा हापूस होता. मेअखेरचा पर्यटक तारकर्ली-देवबागला यायचा तो पावसात अडकला किंवा आलाच नाही. कौलांची शाकारणी कुठे आटोपली होती, कुठे अर्धीच राहिली होती.

पाऊस नवा नव्हता. गोंधळ झाला तो तारखेचा. किनाऱ्यावरची सगळी तयारी ७ जूनच्या मृगाच्या हिशेबाने चालते आणि २०२५ मध्ये मृगाला दोन आठवडे बाकी असतानाच गटारे तुंबली, लाईट गेली, नेट गेले.

कोकणातल्या घराला आगोट शिकवावी लागत नाही. सुकी मासळी, सोले, मीठ-मसाला, सुकी लाकडे, गुरांचा पेंढा हे सगळे एप्रिल-मेमध्ये माळ्यावर चढते. कोणती गोष्ट किती दिवस मिळणार नाही आणि तोवर काय खायचे, याचा हिशेब घरातल्या बाईच्या डोक्यात पक्का असतो. पण त्याच घरातला माणूस पतसंस्थेचा संचालक झाला, मच्छीमार सोसायटीच्या कमिटीत गेला, बर्फ कारखाना किंवा काजू कारखाना चालवायला लागला, की हा हिशेब कुठेतरी हरवतो. तिथे मग ‘लाईट इली काय बघूया’ एवढाच आराखडा उरतो.

मोठ्या कंपन्या आणि बँका ज्याला व्यवसाय सातत्य आराखडा म्हणतात, ती खरे तर संस्थेची आगोटच. जगभर त्यासाठी आयएसओ २२३०१ हे मानक आहे. २०१२ साली ते आले, २०१९ मध्ये सुधारले गेले. मालवणच्या पेठेतल्या संस्थेला त्या प्रमाणपत्राची गरज नाही. त्यामागचा प्रश्न मात्र तिला लागू पडतो: आपले कोणते काम किती वेळ बंद राहिले तर चालेल आणि त्या वेळेच्या आत ते पुन्हा सुरू कसे करायचे?

आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा वेगळा आणि हा वेगळा, ही गोष्ट इथे अनेकदा एकमेकांत मिसळते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयाने आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने आपला आपत्ती आराखडा करायचा असतो. तो माणसे वाचवण्यासाठी. झाड पडले तर कोणाला फोन, होडी कुठून, निवारा कुठे. माणसे वाचली, वारा थांबला, की त्या आराखड्याचे मुख्य काम झाले. दुकान, सोसायटी, दवाखाना, पतसंस्था यांची खरी परीक्षा तिथून पुढे आठ-दहा दिवस चालते. त्या दिवसांबद्दल कागदावर बहुतेक ठिकाणी काहीच नसते.

२०२१ मध्ये काय झाले

१६ मे २०२१. रविवार, वर कोरोनाचे निर्बंध. तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या समोरून समुद्रातूनच वर सरकले. जमिनीवर ते चढले ते दुसऱ्या दिवशी रात्री, थेट गुजरातेत. म्हणजे वादळाचा केंद्रभाग आपल्याकडे आलाच नाही. तरीही देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगर तुटून नौका फुटल्या, खलाशी दगावले. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात झाडे आणि विजेचे खांब इतके पडले, की अनेक गावांत आठवडा उलटला तरी लाईट आली नव्हती. लाईट नाही म्हणून नळाला पाणी नाही. टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या म्हणून मोबाईल नाही. मोबाईल नाही म्हणून एटीएम नाही, गुगल पे नाही. जनरेटर होते त्यांना डिझेल हवे होते आणि पंपावरचे डिझेल वर खेचायलाही वीजच लागते.

छप्पर उडाले ते एका संध्याकाळचे नुकसान. धंदा बसला तो या साखळीमुळे. आणि साखळीतली कडी वादळानेच तुटते असे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि दूध-भाजीचा तुटवडा गोव्यापर्यंत जाणवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ किनाऱ्याला न शिवता पश्चिमेकडे निघून गेले, पण उधाणाचे पाणी घरांत शिरले, कापणीला आलेले भात कुजले आणि ऐन दिवाळीचा पर्यटन हंगाम मोडला. करूळ घाट कामासाठी जानेवारी २०२४ पासून वर्षभर बंद होता. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आले, लगेच खेडजवळ दरड कोसळली आणि कोकण रेल्वे एकाच आठवड्यात दोनदा ठप्प झाली.

म्हणून ‘चक्रीवादळ आल्यास’, ‘पूर आल्यास’, ‘दरड कोसळल्यास’ अशी प्रकरणे पाडून लिहिलेला आराखडा कपाटात छान दिसतो, कामाला येत नाही. कारण काहीही असो, संस्थेचे बंद पडते ते मोजून पाच गोष्टींमुळे: लाईट, नेट, रस्ता, माणूस आणि रोकड. या पाचांपैकी एकेक नाही असे धरून, एक दिवस, तीन दिवस आणि आठ दिवस काय करणार, हे लिहून काढले की आराखड्याचा मोठा भाग झाला. आठ दिवस का? कारण ते इथे घडून गेले आहे.

कॅलेंडरचीही एक चूक दुरुस्त करायला हवी. आगोट होते ती जून-जुलैसाठी. पण किनाऱ्याला झोडपणारी अलीकडची वादळे पाहा. फयान ११ नोव्हेंबर २००९ चे, क्यार ऑक्टोबर २०१९ चे, निसर्ग ३ जून २०२० चे, तौक्ते १६ मे २०२१ चे. म्हणजे मासेमारी चालू असताना, आंबा बाजारात असताना, पर्यटक खोलीत असताना. मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक मेच्या शेवटच्या आठवड्यात घेणाऱ्या संस्था २०२५ मध्येही उशिराच होत्या, २०२१ मध्येही उशिराच ठरल्या असत्या. ही बैठक एप्रिलमध्ये हवी आणि दुसरी एक सप्टेंबरमध्ये.

पतसंस्थेचे उदाहरण

सगळ्यात नाजूक जागा पतसंस्थेची आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालते, तिच्या ठेवींना हे संरक्षण नाही. ठेवीदार बसलाय तो विश्वासावर. वादळानंतर शटर चार दिवस खाली राहिले, तर पाचव्या दिवशी नाक्यावर काय बोलले जाईल हे सांगायला नको. ज्या संस्थेची कर्जवसुली उत्तम, तारण पक्के, तिलाही रांग लागू शकते. लाईट नव्हती एवढेच कारण असते, पण लोकांना ते पटायला उघडे दार दिसावे लागते.

तिथे आराखडा कसा उभा राहतो ते पाहू. आधी कामांची यादी आणि प्रत्येकासमोर दिवस. खात्यातले पैसे देणे: हे एक दिवसापेक्षा जास्त थांबू नये. सोनेतारण सोडवून देणे: दोन-तीन दिवस, लग्नसराईत त्याहून कमी. पिग्मी गोळा करणे आठवडाभर थांबले तरी आकाश कोसळत नाही. नवीन कर्जाची मंजुरी पंधरा दिवस थांबेल. वार्षिक अहवालाची छपाई महिनाभर. ही यादी करताना संचालकांत वाद होतात आणि तो वाद वाऱ्याच्या आधी झालेला बरा.

मग पहिले काम, पैसे देणे, ते पाच गोष्टींवर घासून बघायचे. लाईट नाही, नेट नाही, सर्व्हर बंद. मग कोणाच्या खात्यात किती आहे हे कळणार कसे? साधा उपाय आहे. वादळाचा इशारा आला, की त्या संध्याकाळी खातेवार शिल्लक यादीची छापील प्रत काढून तिजोरीत ठेवायची. पुढचे दिवस पासबुक, सही आणि ही यादी यांच्यावर मर्यादित रक्कम द्यायची. ही मर्यादा पाच हजार असेल, दहा हजार असेल, संस्थेने ठरवावी. पण ती व्यवस्थापकाने त्या दिवशी मनाने ठरवायची नाही. संचालक मंडळाचा ठराव आधी झालेला हवा, नाहीतर पुढे लेखापरीक्षणात तोच बिचारा सापडतो. क्रमांक घातलेली कोरी व्हाऊचर-बुके वेगळी ठेवायची. लाईट आली की ती त्याच क्रमाने संगणकात चढवायची, एकाने टाकायची आणि दुसऱ्याने तपासायची. तिजोरीत अशा दिवसांत किती रोकड ठेवायची आणि तेवढ्या रोकडीचा विमा आहे का, हेही आधीच पाहायचे, कारण रस्ता बंद असताना जिल्हा बँकेतून रोकड आणता येत नाही.

जनरेटरचा हिशेब तर पाटीवर मांडण्यासारखा. छोट्या यंत्राला तासाला दीड ते दोन लिटर डिझेल धरा. दिवसाला सहा तास चालवले, तर आठ दिवसांना सत्तर ते शंभर लिटर. तेवढे कार्यालयात साठवणे धोक्याचे. मग ज्या पंपाकडे स्वतःचा जनरेटर आहे त्याच्याशी आधी बोलून ठेवायचे. तालुक्यात असे पंप किती, हे संचालकांना पाठ असायला हवे. आणि जनरेटर जमिनीवर ठेवायचा की चौथऱ्यावर, हे पावसाचे पाणी कुठपर्यंत येते त्यावरून ठरते.

माणसांचा भाग मात्र कागदावर सोपा वाटतो आणि तिथेच सगळे अडते. तौक्तेसारख्या वादळात कर्मचाऱ्यांची स्वतःची घरेही सापडतात. कौले उडालेल्या घरातून कोणी शाखा उघडायला यावे, ही अपेक्षा बरोबर नाही. त्यामुळे प्रत्येक कामाला दोन माणसे हवीत आणि ती दोन वेगवेगळ्या गावांतली हवीत. तिजोरीच्या दोन किल्ल्या एकाच वाडीतल्या दोघांकडे असतील, तर वाटेत वड पडला की तिजोरी बंद. ‘आजपासून आराखडा लागू’ हे कोणी म्हणायचे, तो नसेल तर कोणी, तोही नसेल तर कोणी, अशी तीन नावे लिहिलेली हवीत. फोन लागत नसेल तर सकाळी नऊ वाजता कुठे जमायचे, हेही. आपल्याकडे सगळे अध्यक्षांना विचारून होते आणि अध्यक्ष त्या दिवशी मुंबईत मुलाकडे असतात.

चिपळूणचा धडा

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात एसटीचे आगार बुडाले. तिकिटांची सुमारे नऊ लाख रुपयांची रोकड घेऊन आगारप्रमुख बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. त्यांचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण पैसा वाचला तो एका माणसाच्या धाडसावर. पाणी वाढू लागल्यावर रोकड कुठे न्यायची, कोणी न्यायची, हे जिथे ठरलेले असते तिथे टपावर चढायची पाळी येत नाही. त्याच पुरात बाजारपेठेतली तळमजल्याची दुकाने, कार्यालये, त्यांतले संगणक, वह्या, सगळे चिखलात गेले. ज्यांची दुसरी प्रत त्याच इमारतीत होती, त्यांची तीही गेली.

मालवणला वाशिष्ठीसारखी नदी पेठेत शिरत नाही, पण प्रत ठेवण्याचा नियम तोच. माहितीची एक प्रत किनाऱ्यापासून दूर हवी. ओरोस-कुडाळला ठेवली तर पाण्यापासून वाचेल, घाटावर कोल्हापूरला ठेवली तर लाईटच्या भानगडीतूनही वाचेल. एक प्रत कायम तारेपासून सुटी, म्हणजे कोणत्याही संगणकाला न जोडलेली हवी. त्यामागे वेगळे कारण आहे. ३१ जुलै २०२४ रोजी देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांवर थेट हल्ला नव्हता. त्यांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला जाळ्यातून तोडले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत आली. पण त्या दिवशी काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला सी-एजचे नाव माहीत नव्हते, त्याला आपल्या बँकेचेच नाव माहीत होते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी करार करताना ‘तुमचे बंद पडले तर आमचे किती तासांत चालू करून द्याल’ हा प्रश्न किती पतसंस्था विचारतात?

बर्फ, खोली आणि शेजारी

मच्छीमारांच्या बाबतीत साखळी आणखी आखूड आहे. नौका धड, जाळी धड, खलाशी हजर, पण बर्फ नाही, तर समुद्रात जाण्यात अर्थ नाही. जपानमधल्या केसेन्नुमा या बंदराने हे मोठ्या प्रमाणावर भोगले. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर तिथे मासळी बाजार जूनअखेर पुन्हा सुरू झाला, तो आपल्या कुप्यासारख्या बोनिटो माशाच्या हंगामासाठी. पण बर्फाचे, शीतगृहाचे आणि प्रक्रियेचे कारखाने उद्ध्वस्त झालेले असल्याने बंदराला आधीइतका मासा घेता येईना. लिलावाची शेड उभी राहिली म्हणजे धंदा उभा राहिला असे होत नाही, त्याच्या मागचे सगळे एकदम लागते.

इथल्या सोसायट्या सहसा एकमेकींवर विसंबतात. मालवणात बर्फ नसला तर देवगडहून आणू, वेंगुर्ल्याहून आणू. एरवी ठीक आहे. पण तौक्तेसारख्या वादळात तिन्ही ठिकाणी एकाच वेळी अंधार होतो. शेजारी भला असला तरी तो त्याच वाऱ्यात असतो. आधार शोधायचा तो दुसऱ्या वीजवाहिनीवरचा, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा गोव्यातला, आणि दर आधी ठरवून. त्या दिवशी ठरवायला गेलात तर समोरचा सांगेल तो दर.

होमस्टेवाल्यांचे तुलनेने थोडक्यात. देवबागसारख्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये एकच रस्ता असलेल्या गावात पाहुणा अडकला, तर त्याला दोन दिवस खायला-प्यायला घालता येईल का, हा पहिला प्रश्न. उधाणाने विहीर खारट झाली तर पिण्याचे पाणी कुठून? आणि बुकिंग रद्द झाल्यावर आगाऊ रकमेचे काय, हे पावतीवर आधीच छापलेले असले म्हणजे नंतरची भांडणे आणि मोबाईलवरचे वाईट शेरे टळतात.

विम्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की पंचनामा झाला म्हणजे भरपाई आली. २०२१ च्या पुरानंतर सरकारने दुकानदारांना दिलेली मदत जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये होती. त्यातून फ्रीजरही येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने छोट्या धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी आणली. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती चालते आणि वादळ-पूर त्यात धरलेले आहे. पण ती इमारत, यंत्रे, माल यांची. बंद राहिलेल्या दिवसांचा बुडालेला नफा त्यात आपोआप मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. आणि दावा करताना मालाचा स्टॉक लिहिलेला लागतो. तो ओल्या वहीत असेल तर काय दाखवणार? महिन्याला एकदा दुकानाचे, यंत्रांचे मोबाईलवर फोटो काढून मुंबईतल्या नातेवाईकाला पाठवून ठेवणे, याला पैसाही लागत नाही.

राहिली रंगीत तालीम. ती केल्याशिवाय आराखडा म्हणजे नुसते टायपिंग. एखाद्या शनिवारी सकाळी दहा वाजता मेन स्विच पाडायचा, राउटर काढायचा आणि व्यवस्थापकाला घरी पाठवायचे. दुपारपर्यंत दहा सभासदांना पैसे देऊन दाखवा. जनरेटरची बॅटरी मेलेली आहे, छापील यादीचा प्रिंटरच लाईटवर चालतो, दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच आठवत नाही, या गोष्टी अशा सकाळी कळलेल्या स्वस्त पडतात. प्रत घेतलेली माहिती परत उघडून पाहणेही याच तालमीत. न उघडलेली प्रत आहे की नाही हे देवालाच ठाऊक.

हे सगळे चार-पाच पानांत मावते. खर्च म्हणाल तर जनरेटर, बॅटऱ्या आणि विमा सोडला तर बहुतेक वेळेचाच. अडचण अशी, की सातत्य आराखडा केला म्हणून अहवालात नफा वाढलेला दिसत नाही आणि निवडणुकीत त्यावर मतही मिळत नाही. सभेच्या फलकाशेजारी फोटो काढण्यासारखेही त्यात काही नाही.

पुढच्या तारखा मात्र ठरलेल्या आहेत. १ ऑगस्टला मासेमारी सुरू होईल आणि बर्फाची मागणी एकदम वर जाईल. त्यानंतर गणेश चतुर्थी. त्याआधीच्या पंधरवड्यात चाकरमानी गावात उतरतील आणि घरोघरची माणसे पतसंस्थांतून पैसे काढतील. रस्ता, रेल्वे, लाईट आणि नेट या चौघांवर वर्षातला सर्वात जास्त भार त्याच दिवसांत, तोही भर पावसात. त्याआधी जुलैच्या मासिक सभांचे अजेंडे निघतात. त्यात हा विषय कोणत्या क्रमांकावर येतो, की ‘आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या ओळीत जातो, हे सभासदांनी विचारायला हरकत नाही.